कान्हूकाकांनी पास केलेली कॅसेट

पेणच्या एस.टी. स्टँडमागे हितेशची कॅसेट लायब्ररी होती, आणि तिच्या आतल्या खोलीत, फुलाफुलांच्या पडद्याआड, कान्हूकाका बसत. पडद्याआड बसण्याची त्यांना सवयच होती. एकतीस वर्षं ते नाटकात होते आणि त्या एकतीस वर्षांत प्रेक्षकांना एकदाही दिसले नव्हते. ते प्रॉम्प्टर होते.

पेण, रोहा, नागोठणं, मंडळ जाईल तिथे विंगेत एक स्टूल, मांडीवर वही आणि वहीवर बॅटरीचा उजेड. समोर राजा मरो, राणी रडो, काकांची मान वर होत नसे. ओळीवरचं बोट सुटलं की घात. त्यामुळे शेकडो प्रयोग त्यांनी ऐकले, पाहिला एकही नाही. कान मात्र असा तयार झाला, की नट विसरला हे नटाच्या आधी काकांना कळे. रोह्याच्या एका प्रयोगात हैबतराव, म्हणजे मंडळाचे कायमचे राजे, सिंहासनावरून उठले, हात वर केला आणि पुढचं वाक्य साफ गेलं. काकांनी विंगेतून एकच शब्द सोडला, "सेनापती." पहिल्या रांगेलाही तो ऐकू गेला नाही. हैबतरावांनी त्या एका शब्दावर असं भाषण उभं केलं की मांडव टाळ्यांनी दणाणला. आत आल्यावर घामाने भिजलेल्या हाताने त्यांनी काकांचा खांदा दाबला. "कान्हू, जीव वाचवलास रे." काकांच्या वाट्याला आलेली टाळी ती एवढीच, आणि ती त्यांना आयुष्यभर पुरली.

मग घरोघर टीव्ही आले, गल्लीत केबलच्या तारा आल्या, हैबतराव गेले, आणि मंडळाचा मखमली पडदा कुणाच्या तरी माळ्यावर उंदरांनी खाल्ला. पुतण्या हितेशने काकांना दुकानात बोलावलं. "काका, नुसतं बसा. परत आलेल्या कॅसेटी रिवाइंड करा, बस."

नुसतं बसणं पंधरा दिवस जमलं. एका दुपारी एक बाई तणतणत आली आणि तिने कॅसेट गल्ल्यावर आपटली.

"पोरांचं कार्टून बोलून दिलंत ना? त्यात वाघ हरणाला फाडतो! माझा मुलगा दोन दिवस जेवला नाय."

हितेश म्हणाला, "ताई, कार्टून म्हणजे पोरांचंच असतं."

"मग तुमच्या पोराला दाखवा!"

हितेशला पोर नव्हतं. तो कॅसेट हातात उलटसुलट करत राहिला. पडद्याआड काका उठून उभे राहिले होते. रंगमंचावर कुणीतरी अडकलंय आणि आपल्या हातात वही नाही, असं त्यांना झालं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, मुलांची एकही कॅसेट आपण ऐकल्याशिवाय दुकानाबाहेर जाणार नाही.

ऐकल्याशिवाय. हा शब्द त्यांचाच. आतल्या खोलीत जुना टीव्ही होता, पण काका त्याच्याकडे पाठ करून बसत, तुटलेली रीळं चिकटवत आणि कान मागे ठेवत. चित्रपट संपला की कव्हरच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहीत: 'भांडणं दोन, दोन्ही मिटतात. राक्षस हाय, पण आवाज बारीक. शेवटी हसू.' या पुठ्ठ्यांची पेणमध्ये ख्याती झाली. कान्हूकाकांनी पास केली का, असं विचारूनच लोक कॅसेट उचलत.

काकाही आंधळेपणाने पास करत नसत. आधी घर विचारत. ज्या घरात आजोबा नुकतेच गेले, तिथे म्हातारं कुणी मरणारी गोष्ट ते देत नसत. जिथे बाप पिऊन ओरडतो, तिथे ओरडणाऱ्या राजाची नाही. एका मास्तरणीने विचारलं, "ह्यात मुलं मोठ्यांना उलट बोलतात का?" काका म्हणाले, "बोलतात. पण तुमचा मुलगा मुळात बोलतच नाय, असं तुम्हीच मागे सांगितलंत. त्याला दाखवाच ही." मास्तरणी हसली आणि घेऊन गेली.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. हितेश चिडवायचा, "काका, कळतं तरी काय तुम्हाला?"

"पोरांना तरी कुठे कळतं? आम्ही एकाच रांगेत बसलोय. कोण रागावलं, कोण रडलं, हे आवाजातच असतं रे. शब्द काय, चिल्लर."

दर गुरुवारी पिशवीत वीसेक कॅसेटी भरून ते एस.टी.ने रोह्याला जात. तिथे धाटावच्या रासायनिक कंपन्यांत काम करणारी मंडळी चाळींतून राहत होती. केरू त्यातला एक. रात्रपाळी करून यायचा, बायको दिवसा शिवणाला जायची, आणि सहा वर्षांची मुलगी घरात. केरूचा प्रश्न ठरलेला.

"काका, ही लावून मी झोपू ना?"

"झोप."

"मधी उठाया लागणार नाय ना?"

"एकदा. अर्ध्यावर आई हरवते. लगेच सापडते, पण तेवढ्यात पोरगी तुला हलवील. तेवढा जागा हो, 'सापडेल गो' म्हण, आणि पुन्हा घोर."

"काका, तुमी डॉक्टर व्हायला पायजे होतं."

शहाण्णव सालच्या मे महिन्यात काशीबाई दुकानात आल्या. पेणजवळच्या जोह्याच्या काशीबाई, हैबतरावांच्या पत्नी. घरात गणपतीचा कारखाना, मुलगा प्रविण तो चालवायचा, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी काशीबाईंची. त्यांनी काढलेल्या डोळ्यांची मूर्ती ओळखू येते, असं पेणचे व्यापारी म्हणत. दोन वर्षांपासून मात्र त्यांचा हात थरथरायला लागला होता. मोठ्या मूर्ती अजून जमत, वीतभर उंचीच्या मूर्तींचे डोळे नातीने, दहा वर्षांच्या भूमिकाने, हातात घेतले होते. पोरीचा हात आजीपेक्षा सरस निघाला.

"भावजी, परदेशी जाणारा माल ह्याच महिन्यात निघायचा हाय," काशीबाई टेकत म्हणाल्या. "सुट्टीला पाहुण्यांची पोरं आलीत, कारखान्यात नुसता धुडगूस. ओल्या रंगावर बोटं उठवतात. दोन तास त्यांना कुठंतरी बांधून ठेवा बघू."

"दोर देऊ की कॅसेट?"

"दोर आमच्याकडं हाय."

काका खूश झाले. हैबतरावांच्या घरी जाणारी कॅसेट साधी कशी द्यायची? हितेशने मुंबईहून नवा गठ्ठा आणला होता. त्यात एका कॅसेटचं कव्हर फाटलेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्या चित्रात एक मुलगा मातीची बाहुली घडवत होता. काकांनी ती लावली, पाठ केली, रीळ चिकटवायला घेतलं. मऊ आवाज, घंटा, कुठेतरी पाणी, मुलाचं गुणगुणणं. मग मध्येच सगळा आवाज गेला. काका थबकले. जुन्या सवयीने ओठ हलले, पण द्यायला शब्द नव्हता. टीव्हीच बिघडला, असं वाटून ते उठले, मागे गेले, वायर हलवली, वरून दोन थापा मारल्या. बराच वेळ काही नाही. मग घंटा वाजल्या आणि पोरं खिदळली. "आला," काका म्हणाले, आणि जागेवर येऊन बसले.

पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं: 'मातीकाम करणाऱ्या पोराची गोष्ट. भांडण नाय, ओरडणं नाय. मधी आवाज जातो, टीव्हीला मारू नये. शेवटी फार आनंद.' आणि काशीबाईंना म्हणाले, "घेऊन जा. तुमच्या घरचीच गोष्ट हाय."

आठ दिवसांनी प्रविण आला. कपाळावर शाडूचा पांढरा ओरखडा, पायात चपला नाहीत. हितेशशी तो बोललाच नाही, पडदा बाजूला करून सरळ आत आला.

"काका, आमच्या पोरीला तुम्ही काय दाखवलंत?"

"का रे? काय झालं?"

"काल दुपारी आम्ही जेवून पडलो होतो. उठून बघतो तर चाळीस मूर्तींचे डोळे पुसलेले. ओलं फडकं घेऊन पोरीने एकेक पुसलान. आईने चार दिवस खपून काढलेले. आई बसली फळीसमोर, एक शब्द बोलेना." प्रविणचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. "मारली मी तिला. पहिल्यांदा मारली. रडली पण नाय. बोलते, कान्हूआजोबांच्या सिनेमात बघ."

"घरात कुणी बसलं होतं पोरांबरोबर?"

"कोण बसणार काका? माल भरायचा होता. तुम्ही पास केलेली होती ना!"

 प्रविणने पिशवीतून कॅसेट काढून स्टुलावर ठेवली आणि तो गेला.

त्या संध्याकाळी काकांनी स्टूल फिरवलं. टीव्हीकडे तोंड केलं, आवाजाचं बटण शून्यावर आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक खेळ पाहिला.

डोंगरातलं गाव होतं, बर्फ होतं, काठोकाठ भरलेलं तळं होतं. मुलगा मातीची माणसं घडवत होता. एकेकाला बारीक कुंचल्याने डोळे काढत होता, आणि डोळे पुरे झाले की ती माणसं त्याच्याकडे बघत. नुसती बघत, मारत नाहीत, धावून येत नाहीत. मग गावकरी होड्या घेऊन आले. तळ्याला शांत करायचं म्हणून त्यांनी ती मातीची माणसं होडीत रचली, मधोमध नेली आणि एकेक करून पाण्यात सोडली. पाण्याखालून ती माणसं वर बघत होती. डोळे उघडे. काकांनी बटण वर फिरवलं, तरी आवाज नाही. हीच ती जागा, जिथे आवाज गेला होता. टीव्ही बिघडला नव्हता. गोष्ट सांगणाऱ्यानेच तिथे आवाज काढून घेतला होता, आणि काका तेवढा वेळ टीव्हीच्या मागे वायर हलवत होते.

पुढे मुलगा उडी मारतो, तळं उजळतं, माणसं जिवंत होऊन वर येतात, घंटा वाजतात, सगळी खिदळतात. शेवटी फार आनंद.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने काका जोह्याला गेले. कारखान्याच्या दारातच काशीबाई पुसलेल्या मूर्ती पुन्हा आखत होत्या. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. कारखान्यात बाराही महिने रेडिओ चालू असे, पण आखणीच्या वेळी काशीबाई तो बंद करायला लावत. डोळे काढताना कुणी बोलायचं नाही, हा त्या घरचा शिरस्ता. म्हणून काका ओळ पुरी होईपर्यंत उभे राहिले.

"भावजी, तुमचा काय दोष," कुंचला ठेवत त्या म्हणाल्या. हे ऐकून काकांना आणखीच कसंतरी झालं.

भूमिका मागच्या पडवीत मूर्तींकडे पाठ करून बसली होती. काका शेजारी बसले. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली होती.

"भूमिका, नाटकात तुझे आजोबा दर खेपेला मरायचे. मग उठून माझ्याबरोबर भाकरी खायचे. तो खेळ असतो गो. ती माणसं खोटी होती."

"मला माहीत हाय."

"मग भ्यालीस कशाला?"

"मी नाय भ्यायले." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "सगळे तेच बोलतात. मूर्ती उठतील म्हणून मी भ्यायले. उठल्या तर चांगलंच हाय ना?"

काकांनी मान हलवली. पुढचं वाक्य त्यांच्याकडे होतं, पण ते या प्रसंगाचं नव्हतं.

"आजी बोलते, डोळे काढले की देव बघायला लागतो. म्हणून रेडिओ बंद करायचा, त्याने पहिलं आपल्याला शांत बघितलं पायजे. मग बुडवतात तेव्हा पण त्याला दिसत असेल ना? पाणी नाकात जातं ते? आपण काठावरून परत जातो ते?"

"ती माती हाय पोरी," मागून प्रविण म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कळलंच नव्हतं. "किती वेळा सांगू? माती आणि रंग!"

"मग तू चपला काढून कारखान्यात का जातोस?"

प्रविणने आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"आणि गेल्या वर्षी सगळीकडे गणपती दूध पीत होते, तेव्हा आजीने चमचा धरला होता. तू पण धरलास पप्पा."

दारातून काशीबाई ऐकत होत्या. त्यांनी पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

काकांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण त्या सिनेमात शेवटी सगळे वर येतात की. हसत हसत."

"त्यातले येतात," भूमिका म्हणाली. "आपले येत नाहीत."

एकतीस वर्षांत काकांनी कुठलीही शांतता तीन सेकंदांपलीकडे जाऊ दिली नव्हती. पडवीतली ही शांतता तशीच पडून राहिली, आणि त्यांच्यासमोर वही नव्हती.

तो माल कसाबसा गेला. पावसाळाभर काका दर रविवारी जोह्याला जात राहिले. कधी गोळ्या नेल्या, कधी रंगीत खडू. भूमिका गोळ्या घ्यायची, खडूंनी झाडं काढायची, होड्या काढायची. माणसं काढली तर पाठमोरी. काशीबाईंनी एकदा हळूच सांगितलं, "भावजी, मीच शिकवलं तिला तसं. माझ्या सासूने मला शिकवलं. आता खोटं हाय बोलू, तर माझा हात चालायचा नाय. खरं हाय बोलू, तर तिचा चालत नाय." आणि खालच्या आवाजात, "तिचा बाप वर्षाला हजार मूर्ती पाण्यासाठीच करतो. त्याने काय सांगावं?"

लायब्ररीतल्या पुठ्ठ्यांवर काकांनी लिहिणं सोडलं. लोक विचारत, पास आहे का? काका म्हणत, "मी बघितलीय. तुम्ही पण बघा, मग पोराला द्या." लोकांना हे आवडलं नाही. हितेश म्हणाला, "काका, लोक तुमच्या भरवशावर येतात." काका म्हणाले, "तेच तर."

रोह्याला केरूने नेहमीचा प्रश्न टाकला. "काका, ही लावून झोपू ना?"

"ठाऊक नाय."

"ठाऊक नाय म्हंजे? तुमी बघितलीय ना?"

"बघितलीय. भूत नाय, मारामारी नाय. पण पोरगी तुझी हाय केरू. तिला कुठे काय टोचेल, ते मला पेणला बसून कसं कळणार? बाजूला बस तिच्या. मधी मधी तिच्या तोंडाकडे बघ."

केरूचे डोळे लाल होते, अंगाला कंपनीचा उग्र वास येत होता. "काका, सलग दोन शिफ्ट मारून आलोय. बसलो तरी डोळे मिटणारच. सांगा काय करू."

 काकांनी पिशवी खाली ठेवली आणि स्वतःच केरूच्या मुलीशेजारी बसले. दीड तास टीव्हीकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मागे केरू घोरत होता. पेणची गाडी चुकली. पुढच्या गुरुवारी तीन घरांतून तोच प्रश्न आला, आणि बसायला काका एकच होते.

गणपती आले. जोह्याच्या घरात एक रीत होती. घरच्या मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, सगळा माल गेल्यावर, आदल्या दिवशी काढायचे. काशीबाईंनी काकांना मुद्दाम बोलावलं होतं. कारखाना रिकामा होता, फळ्यांवर नुसते पांढरे गोल डाग. मध्ये पाटावर एकच मूर्ती.

"ह्या वर्षी आजी तुला देते बघ," प्रविण मुलीसमोर उकिडवा बसला. मे महिन्यातल्या त्या माराची लाज अजून त्याच्या आवाजात होती. "घरचा हाय. तू काढ गो."

भूमिकाने कुंचला घेतला. सगळे श्वास धरून उभे. काकांनी कानांवर भरवसा न ठेवता डोळे लावून पाहिलं. तिचा हात जराही हलला नाही. एक रेघ, मग दुसरी. कमानदार, खाली झुकलेल्या, इतक्या मऊ की मूर्ती नुकतीच झोपली असावी. मिटलेले डोळे. ती कुंचला धुऊन बाजूला झाली.

सुंदर होतं ते. प्रविण हतबल होऊन आईकडे पाहत राहिला. "असा बसवायचा कसा, आई? भटजी काय बोलतील? लोक दर्शनाला येतील..."

काशीबाईंनी नातीकडे पाहिलं, मग काकांकडे. जणू कान्हूभावजींकडे पुढचं वाक्य असणारच. काकांनी मान खाली घातली. मग काशीबाईंनी मनगट धरलं, मिटलेल्या पापण्या पांढऱ्या रंगाने झाकल्या आणि त्यावर उघडे डोळे काढले. एक डोळा जरासा मोठा झाला. भूमिकाने सगळं पाहिलं.  नमस्कार करून ती आत गेली.

दीड दिवसांचा गणपती. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं घर खाडीकडे निघालं. प्रविणच्या डोक्यावर पाट, मागे काशीबाई, पुढे ताशा. भूमिका ओट्यावरून उठली नाही. कुणी आग्रह केला नाही. काका म्हणाले, "माझे गुडघे दुखतात, मी थांबतो."

दोघं ओट्यावर बसली. ताशा वळणावर गेला, बांधावर गेला, लहान होत गेला. मोरयाचा गजर एकदा मोठा झाला. आणि मग सगळं थांबलं.

"आजोबा, तुम्हाला लांबचं ऐकू येतं ना?" भूमिकाने विचारलं. "आता काय चाललंय?"

काकांना ती शांतता ओळखीची होती. त्या शांततेत मूर्ती पाण्यात सोडली जात होती, हे आता त्यांना माहीत होतं. एखादा शब्द हवा होता, सेनापतीसारखा, एकच, तिला पुढे नेणारा. त्यांचे ओठ उघडले, जुन्या सवयीने हलले आणि तसेच राहिले.

भूमिकाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं. तिने आपले डोळे घट्ट मिटून घेतले. काकांनीही मिटले. ताशा पुन्हा वाजायला लागेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.